तीन नळकांड्या लपवल्याची किंमत

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, वेको शहराजवळ, १९ एप्रिल १९९३ रोजी ‘ब्रँच डेव्हिडियन’ या पंथाच्या वसाहतीला आग लागली. त्या दिवशी आत ७६ जण मरण पावले. त्यांत बरीच लहान मुलं होती. बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून केंद्रीय यंत्रणेनं फेब्रुवारीत तिथे छापा घातला होता. त्यात चार अधिकारी आणि सहा पंथीय ठार झाले आणि मग ५१ दिवस एफबीआयचा वेढा पडला.

हा पंथ म्हणजे मिलिशिया, म्हणजे सरकारवर अविश्वास असलेल्या नागरिकांची खासगी सशस्त्र फौज, नव्हे. पण आदल्या ऑगस्टमध्ये आयडाहोतल्या रुबी रिज इथे तान्हं मूल कडेवर असलेली एक आई एफबीआयच्या नेमबाजाच्या गोळीनं गेली होती. या दोन घटनांच्या संतापावर सशस्त्र मिलिशिया गट फोफावले. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत स्फोट घडवून १६८ जणांचे जीव घेणाऱ्याच्या डोक्यातही वेकोच होतं.

वेकोची आग कोणी लावली? आतले लोक इंधन ओतण्याविषयी बोलत होते, हे छुप्या मायक्रोफोननी टिपलेलं आहे. तरीही १९९९ मधल्या एका पाहणीत ६१ टक्के अमेरिकनांनी सरकारी माणसांकडे बोट दाखवलं. कारण त्याच सुमारास उघड झालं की एफबीआयनं त्या सकाळी अश्रुधुराची तीन ज्वलनशील नळकांडी डागली होती आणि सहा वर्षं ‘अशी नळकांडी वापरलीच नाहीत’ असं सांगितलं जात होतं. ती डागली आगीच्या चार तास आधी, तीही मुख्य इमारतीपासून दूर, एका बांधकामाच्या खड्ड्याच्या दिशेनं. आगीशी त्यांचा संबंध नव्हता. मग लपवलं कशासाठी?

दुसरा संशय विमानातून घेतलेल्या अवरक्त चित्रफितीचा होता. उष्णता टिपणाऱ्या या कॅमेऱ्यात इमारतीभोवती लखलखाट दिसले. हा गोळीबारच, असं अनेकांचं म्हणणं. मार्च २००० मध्ये फोर्ट हूडच्या लष्करी तळावर प्रयोग झाला. त्याची पद्धत सरकार आणि पंथीय, अशा दोन्ही बाजूंनी मान्य केलेली होती. वरून कॅमेरा फिरत होता, खाली बंदुका झाडल्या जात होत्या आणि जमिनीवर मोडतोडीचे तुकडे पसरलेले होते. बंदुकीच्या तोंडची ज्वाळा क्षणाच्या अगदी छोट्या अंशात विझते, चित्रफितीतले लखलखाट मात्र जास्त वेळ टिकणारे होते. तुकड्यांवरून परावर्तित झालेलं ऊन तसं दिसलं. माजी सिनेटर जॉन डॅनफोर्थ यांच्या चौकशीनं गोळीबाराचा आरोप फेटाळला. प्रयोग चोख होता, पण सात वर्षं उशिरा आला, आणि तोवर मतं घट्ट झाली होती.

पुरावा आल्यावरही संशय न सुटणं हे वेडेपण नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं की विश्वास कणाकणानं साठतो आणि एका घटनेत ढासळतो. विश्वास तोडणारी बातमी आपल्या नजरेत लगेच भरते आणि जास्त खरीही वाटते. टॉम टायलर यांनी शिकागोतल्या नागरिकांच्या मुलाखतींतून आणखी एक गोष्ट मांडली: निकाल आपल्या बाजूनं लागला की नाही, यापेक्षा आपल्याशी न्यायानं वागले का, आपलं ऐकून घेतलं का, यावर लोक कायद्याचा अधिकार मानायचा की नाही ते ठरवतात. माझ्या मते वेकोचं सगळं कोडं इथे उलगडतं. वाटाघाटी करणारे लोकांना बाहेर यायला राजी करायचे आणि त्याच वेळी दुसरी तुकडी वीज तोडायची, रात्रभर कर्णकर्कश आवाज लावायची. आतल्यांनी कोणत्या एफबीआयवर भरवसा ठेवायचा?

यंत्रणा शिकली, हेही सांगायलाच हवं. १९९६ मध्ये माँटानात सरकारचा अधिकार न मानणाऱ्या ‘फ्रीमेन’ गटाला पडलेला वेढा ८१ दिवस चालला. मध्यस्थांना बोलू दिलं, घाई केली नाही आणि एकही गोळी न झाडता तो संपला.

लपवण्याची खोड मात्र गेली नाही. २०१४ मध्ये नेवाडात बंडी या पशुपालक कुटुंबाच्या, सरकारी जमिनीवर चरणाऱ्या गुरांवरून सशस्त्र मिलिशिया आणि केंद्रीय अधिकारी समोरासमोर आले. ‘आम्हाला नेमबाजांनी घेरलंय’ हा त्या कुटुंबाचा दावा सरकारी वकिलांनी खोटा ठरवला होता. जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीश ग्लोरिया नवारो यांनी बंडींवरचा खटला कायमचा रद्द केला. नेमबाजांविषयीची आणि घरावर रोखलेल्या कॅमेऱ्याची कागदपत्रं सरकारी पक्षानं बचाव पक्षाला वेळेत दिलीच नव्हती.