मणक्यांच्या क्षयरोगाची एमआरआय तपासणी

क्षयाचे जंतू पाठीच्या कण्यात शिरले, की हाड, दोन मणक्यांमधली गादी, आजूबाजूला साचलेला पू आणि आतून जाणारा मज्जारज्जू या सगळ्यांची अवस्था एकाच वेळी दाखवणारी तपासणी. एमआरआयचे मराठी नाव चुंबकीय अनुस्पंदन चित्रण. रोगाला वैद्यकात ‘पॉटचा रोग’ म्हणतात, कारण पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये कुबड आणि पायांतील लुळेपणा यांचा संबंध नोंदवला. हाडासांध्यांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यांत आढळतो. छातीचे खालचे आणि कमरेचे वरचे मणके त्याला जास्त बळी पडतात.

खानदेशात हा आजार उशिरा ओळखला जाण्याचे एक कारण पाठदुखीच्या सार्वत्रिकतेत आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर असो की धुळ्याकडे दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, ‘मनी कंबर दुखस’ हे वाक्य घरात कुणी फार मनावर घेत नाही. मालिश होते, गोळ्या होतात, ‘मणक्यात गॅप आली’ असा समज होतो आणि महिने निघून जातात. विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळची कणकण, घटते वजन, मणक्यावर बोटाने दाबताच होणारी कळ, यांपैकी काही असेल तर ते कष्टाचे दुखणे समजू नये. मणक्याचा क्षय असलेल्या अनेकांना खोकला नसतो. म्हणून थुंकीचा अहवाल निर्दोष आला, तरी शंका मिटत नाही.

साध्या क्ष-किरण चित्रात हाडातील ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय बिघाड नीट दिसत नाही. एमआरआय मात्र हाडाच्या मज्जेतील पाण्याचे वाढलेले प्रमाण टिपतो, आणि सूज हा तर रोगाचा पहिलाच टप्पा. टी-१ प्रकारच्या चित्रात आजारी मणका काळपट, तर टी-२ आणि चरबीचा संकेत दाबणाऱ्या स्टर चित्रात उजळ दिसतो. रोग बहुधा गादीला लागून असलेल्या कडांपासून सुरू होतो आणि शेजारचे दोन मणके धरतो. पू निर्माण करणारे इतर जंतू गादी लवकर खातात. क्षयाच्या जंतूंकडे तशी प्रथिने विरघळवणारी विकरे नसल्याने गादी बराच काळ तग धरते. पू कण्यापुढच्या लांब अस्थिबंधाखालून वर-खाली सरकत जातो, आणि कमरेच्या सोअस स्नायूत उतरला तर जांघेपर्यंत पोहोचतो. त्याला ‘थंड गळू’ म्हणतात, कारण लाली नाही, ऊब नाही. शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य दिल्यावर या गळूची पातळ, एकसारखी भिंत उजळते. इतर जंतूंच्या गळूची भिंत जाड आणि ओबडधोबड असते. हे द्रव्य देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम पाहतात.

संपूर्ण कण्याचे चित्रण हा मुद्दा आग्रहाने सांगण्यासारखा आहे. दुखणे कमरेत असले, तरी मधले मणके निरोगी सोडून वर कुठेतरी दुसरा केंद्रबिंदू असू शकतो. फक्त कंबरेची फिल्म काढली तर तो निसटतो. खर्च वाचवण्यासाठी तेवढेच काढून घेतात, ते समजण्यासारखे आहे. पण निदान एक-दोन प्रकारच्या चित्रांतून तरी मानेपासून माकडहाडापर्यंत नजर फिरवावी. मज्जारज्जूवर दाब पुवाचा आहे की ढासळलेल्या हाडाचा, रज्जूत नुसती सूज आहे की तो झिजून गेला आहे, यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय आणि पाय पुन्हा चालण्याची आशा अवलंबून असते.

तरीही एमआरआय म्हणजे पुरावा नव्हे, बळकट संशय होय. दुसऱ्या अवयवातून मणक्यात पसरलेली कर्करोगाची गाठ, इतर जंतुसंसर्ग आणि ब्रुसेलोसिस असे आजार चित्रात जवळजवळ सारखे भासू शकतात. शेवटचा आजार गुरे-शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो, म्हणून जिथे घरोघर गोठा आहे तिथे तो विसरून चालत नाही. शक्य तिथे सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घालून तुकडा किंवा पू काढतात आणि सीबीनॅट (जंतूची जनुके शोधणारी चाचणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणे) व ऊतक-तपासणी करतात. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतू आहे का, हे चित्र कधीच सांगणार नाही.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नंदुरबार, धुळे किंवा जळगाव गाठणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. पाय लटके पडू लागलेल्या रुग्णाला जीपमध्ये बसवून घाटातून आणू नये. त्याला सपाट आडवे ठेवूनच न्यावे. यंत्रात साधारण अर्धा-पाऊण तास निश्चल पडावे लागते, आवाज मोठा होतो. हातापायांतील चांदीची कडी, वाळे, गळ्यातील साखळी काढावी लागते. वर्षानुवर्षे अंगावर असलेला दागिना उतरवताना बाया बिचकतात, तेव्हा कारण अहिराणीत किंवा पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत समजावणारे कुणी जवळ असावे. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास ते आधीच सांगायचे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

भारतातील २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधे १२ महिन्यांची. पहिले २ महिने चार औषधे, पुढचे १० महिने तीन, आणि गरजेनुसार मुदत १८ महिन्यांपर्यंत वाढते. पुन्हा काढलेल्या चित्राची घाई मात्र फसवते. रुग्ण सुधारत असतानाही हाडाच्या मज्जेतील सूज किंवा पू काही महिने तसाच दिसू शकतो, म्हणून लवकर काढलेल्या फिल्मवरून ‘औषध लागू पडत नाही’ असे ठरवू नये. पू ओसरणे आणि टी-१ चित्रात पूर्वी काळपट असलेला भाग चरबी भरून उजळणे ही बरे होण्याची खूण. ती पाहण्यासाठी पहिली सीडी किंवा फिल्म लागतेच. ती पावसाळी ओलीत खराब होऊ न देता जपावी आणि दरवेळी सोबत आणावी.