आजीचा म्हातारचळ आणि स्टेम सेलची गोष्ट

आमची गुहागरकडची आजी शेवटची काही वर्षं स्वतःच्याच परड्यात वाट चुकायची. वाडीत सगळे म्हणायचे म्हातारचळ लागलाय, देवळात गाऱ्हाणं घाला, आम्ही घातलं पण. डोक्यात नेमकं काय बिघडतंय ते मात्र कोणालाच दाखवता आलं नाही.

अडचण मुळातच तिथे आहे, जिवंत माणसाचा मेंदू कापून बघता येत नाही. अल्झायमर डॉक्टरांनी १९०६ साली जर्मनीत एका बाईच्या मेंदूत प्रथिनांचे साके नि गुंते बघितले ते ती गेल्यावरच, म्हणजे वादळ गेल्यावर पडलेले माड मोजण्यासारखं. उंदरांवर पुढे भरपूर काम झालं, पण उंदराच्या मेंदूत माणसाचे सगळे आजार उतरत नाहीत.

१९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसननी मानवी भ्रूणातून स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी वाढवल्या, भ्रूण वापरल्यामुळे वाद पेटला. मग जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशीत फक्त चार जीन घालून ती परत मूळ अवस्थेत नेली, आमच्या भाषेत सांगायचं तर जून आंब्याच्या पानाची परत कोय केली! २०१२ ला त्यांना नोबेल मिळालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की पेशी त्याच पेशंटची, त्याचेच जीन्स, आणि त्यातून न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या पेशी बनवून आजार सुरू होताना बघता येतो.

२०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिख यांनी तर काही मिलिमीटरचे मेंदूसदृश गोळे वाढवले, ऑर्गनॉइड म्हणतात त्यांना. जन्मतः डोकं लहान असलेल्या एका पेशंटच्या पेशी घेतल्या तर कळलं की मूळ पेशी पुरेशा वाढायच्या आधीच न्यूरॉन होऊन जातात, उंदरात हे नीट दिसत नव्हतं. झिका विषाणूच्या साथीत बाळं अशीच लहान डोक्याची जन्मू लागली, तेव्हा २०१६ ला हेच गोळे कामी आले.

पण या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात, आतला भाग मरतो, आणि पेशी परत मागे नेताना तिचं वयही बरंचसं पुसलं जातं, त्यामुळे आजीसारखा म्हातारपणाचा आजार पकडणं अजून कठीणच आहे.

आपल्याकडे बेंगळुरूला निम्हान्स हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल आणि एनसीबीएस, इनस्टेम या संशोधन संस्थांनी मिळून एकाच घरात अनेकांना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या रक्तातून अशा पेशी तयार केल्यात. कोकणात अशा घराबद्दल "त्यांच्या मुळातच आहे" म्हणून सोयरीक टाळतात, आणि तिथे बेंगळुरूत आजारी माणसाच्या पेशींशेजारी त्याच घरातल्या निरोगी माणसाच्या पेशी वाढवून बघतात, एकाला झालं ते दुसऱ्याला का नाही झालं.