विगमनाचा प्रश्न: शंभर कावळे काळे, म्हणून पुढचाही काळा?

शंभर कावळे काळे दिसले म्हणून एकशेएकावाही काळा असणार, असे आपण धरून चालतो. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलण्याची ही रीत म्हणजे विगमन. गणितातले ‘गणिती विगमन’ याच्याशी जोडू नये. नाव तेच असले तरी ती सिद्धता पूर्णपणे निगामी असते, म्हणजे गृहीतकांतून निष्कर्ष अटळपणे निघतो, तिथे शंकेला जागा नसते. इथे शंकाच शंका आहेत.

ॲरिस्टॉटलने दिलेले उदाहरण मजेशीर आहे. माणूस, घोडा आणि खेचर दीर्घायुषी; या तिघांना पित्त नसते; म्हणून पित्त नसलेले प्राणी दीर्घायुषी. (घोड्याला पित्ताशय नसते हे खरे, माणसाला मात्र असते.) पण त्याची अट महत्त्वाची आहे: यादीत त्या वर्गातले सगळे यायला हवेत. सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवाद्याने नेमके इथेच बोट ठेवले. काहीच उदाहरणे तपासली तर सुटलेले एखादे उलटे निघू शकते. सगळी तपासायची म्हटली तर ती संपत नाहीत. आपल्याकडे चार्वाकांनी धूर आणि अग्नी यांच्या व्याप्तीवर (‘जिथे धूर तिथे अग्नी’ या अटळ संबंधावर) घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. 14व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तो वाचायला मिळतो.

फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये नुसती उदाहरणे मोजत बसण्याला पोरकटपणा म्हटले आणि तीन तक्ते सुचवले. उष्णता म्हणजे काय हे शोधायचे, तर पहिल्या तक्त्यात ती जिथे आढळते ती उदाहरणे मांडायची: सूर्यकिरण, पाणी शिंपडलेला कळीचा चुना, दडपून ठेवलेले ओले गवत. दुसऱ्यात अगदी तशीच, पण उष्णता नसलेली: सूर्यकिरणांसमोर चंद्रप्रकाश. तिसऱ्यात कमीजास्त होणारी. मग जे जे बसत नाही ते खोडत जायचे. त्याचे उत्तर आले: उष्णता ही एक प्रकारची गती आहे. दुसरा तक्ता हीच खरी कमाई. न जुळणारी उदाहरणे मुद्दाम शोधायला बेकनने शिकवले.

मुळावर घाव घातला तो स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने. ‘अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर’चे पहिले दोन खंड 1739 मध्ये आले तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही, 1748 मध्ये त्याने हाच मुद्दा सुटसुटीत करून पुन्हा मांडला. युक्तिवाद असा. आजवर भाकरीने पोट भरले, उद्याही भरेल, असे आपण मानतो. हे निव्वळ तर्काने सिद्ध होईल का? नाही. ‘उद्या भाकरीने पोषण होणार नाही’ या वाक्यात आत्मविसंगती नाही. ‘त्रिकोणाला चार बाजू आहेत’ यात ती आहे. मग अनुभवाने सिद्ध होईल का? अनुभवावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष ‘भविष्य भूतकाळासारखेच असते’ हे गृहीत धरतो, आणि सिद्ध करायचे आहे ते हेच. म्हणजे चक्रक दोष. ह्यूमचे स्वतःचे उत्तर एका शब्दात: सवय.

इथे बहुतेक जण घसरतात. ‘विगमनातून खात्री मिळत नाही, फक्त शक्यता मिळते’ एवढेच ह्यूम म्हणाला, असे सांगितले जाते. तसे असते तर प्रश्न सोपा होता. तो म्हणतो, शक्यता वाढते असे म्हणायलाही तेच गृहीतक लागते. आणि त्याने विगमन सोडा असेही कुठे म्हटलेले नाही; सोडून जगताच येणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1783 मध्ये कबूल केले की ह्यूमने आपल्याला झोपेतून जागे केले. पण त्याच्याप्रमाणे कार्यकारणभाव अनुभवाची पूर्वअट मानली, तरी कोणत्या कारणाचे कोणते कार्य, हे शेवटी पाहूनच ठरवावे लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये कारण शोधण्याच्या पद्धती नेटक्या बांधल्या, मात्र निसर्ग एकरूप आहे हे तत्त्वही विगमनानेच कळते म्हणून तो पुन्हा त्याच चक्रात शिरला. हंस पांढरेच, या युरोपीय समजुतीचे उदाहरण त्यानेही घेतले. काळे हंस डच खलाशांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात 1697 मध्येच पाहिले होते.

कार्ल पॉपरने 1934 मध्ये विगमनाची गरजच नाकारली: सिद्धांत सिद्ध करू नका, खोटा पाडायचा प्रयत्न करा. व्यवहारात हे अडते. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा न्यूटनला कोणी बाद ठरवले नाही. अज्ञात ग्रह मानला आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या बाबतीत तीच युक्ती फसली. मानलेला ‘व्हल्कन’ ग्रह मिळालाच नाही, आणि बुधाच्या कक्षेतला शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फरक 1915 मध्ये आइन्स्टाइनने उलगडला. कोणत्या वेळी सिद्धांत टाकायचा, हे नियमावरून आधी कळत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनचे कोडे 1950च्या दशकातले. मराठीत ‘हिळा’ असा रंग कल्पू: अमुक तारखेआधी तपासलेले असेल तर हिरवे, नसेल तर निळे. आजवर तपासलेला प्रत्येक पाचू हिरवा, तसाच हिळाही. मग त्या तारखेनंतर खाणीतून निघणारा पाचू कसा असेल: हिरवा, की हिळा म्हणजे निळा? दोन्ही भाकितांना पुरावा सारखाच. ‘हिळा’त तारीख घुसडली आहे म्हणावे, तर ‘हिळा’ आणि उलटा ‘निरवा’ (त्या तारखेआधी तपासलेले असेल तर निळे, नसेल तर हिरवे) हेच मूळ शब्द असलेल्या माणसाला ‘हिरवा’ची व्याख्या करताना तारीख घालावी लागेल.