बाँडवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टाचा घटस्फोट, दोन्ही एकच नव्हेत

बेळगावात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंगचं काम करते, अकरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात खानापूर भागातली एक मुलगी आली, सोबत तिचे वडील आणि मामा (ओळख पटेल असं काही इथं लिहीत नाही). वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. चार घड्या घातलेला, घडीच्या जागी फाटत आलेला, वर ई-स्टॅम्प, खाली सगळा मजकूर कानडीत, शेवटी नवरा-बायकोच्या सह्या, पाच पंचांच्या सह्या त्यातला एक अंगठा, आणि नोटरीचा गोल शिक्का. वडील म्हणाले, "पोरीचं दुसरं जमलंय, मुलाकडचे म्हणतात कागद एकदा वकिलांना दाखवून घ्या, म्हणून आलो वो. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली."

वकिलांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं की काका, हा घटस्फोट नव्हे, कायद्यानं तुमची मुलगी अजून त्याचीच बायको आहे. वडिलांना ते पटेचना. "शिक्का आहे की त्याच्यावर," एवढंच म्हणत राहिले. मुलगी काही बोलली नाही, तो कागद स्वतःकडे ओढून घेऊन बघत बसली, आणि तिला कानडी वाचता येत नव्हतं.

त्या दिवसापासून ठरवलं होतं की यावर एकदा नीट लिहायचं, कारण आमच्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडे हा घोळ आहे. लोक सोडचिठ्ठी, काडीमोड, डायव्होर्स, घटस्फोट हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. कानडी बोलणारे शेजारीपण सोडचीटीच म्हणतात. पण कायद्याच्या नजरेत हे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांची ताकद एकसारखी नाही.

सोडचिठ्ठी म्हणजे दोन घरांनी, पंचांसमोर बसून, स्टॅम्पपेपरवर, म्हणजे बाँडवर, आपापसात लिहून घेतलेला करार. दागिने परत केले, भांडी परत केली, एवढे पैसे दिले, आजपासून तुझं तू माझं मी. कोर्टाचा घटस्फोट म्हणजे जज्जानं दिलेला हुकूमनामा, ज्याला सगळे डिक्री म्हणतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, तो हिंदूंबरोबर जैन, बौद्ध, शीख, लिंगायत सगळ्यांना लागू आहे, आणि या कायद्याखालचं लग्न मोडायचा अधिकार कोर्टाला आहे. पंचांना नाही, गावच्या पुढाऱ्याला नाही, नोटरीला तर अजिबात नाही. नोटरीचा शिक्का फार तर एवढंच सांगतो की ही सही याच माणसानं केली. २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा विभागानं नोटरींना लेखी कळवलंय की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करणं तुमचं काम नव्हे, तरीपण असले कागद घेऊन लोक येतातच.

आता कोणीतरी म्हणणार की आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या काडीमोड चालत आलाय त्याचं काय. प्रश्न बरोबर आहे. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की रूढीनं मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्यानं जात नाही. म्हणजे दार आहे, पण अरुंद आहे. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये स्पष्ट केलं की अशी रूढी सांगणाऱ्यानं ती केसमध्ये स्पष्ट मांडायची आणि पुराव्यानं सिद्ध करायची, कारण नियम कोर्टाचाच, रूढी हा अपवाद. आमच्यात असंच करतात एवढं म्हणून भागत नाही. ती रूढी त्या समाजात फार पूर्वीपासून, सलग, सगळ्यांनी पाळलेली होती हे साक्षीदार, जुने कागद आणून दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे खरंच असा पुरावा आहे त्यांनी कोर्टात घोषणेचा दावा लावून आमचं लग्न रूढीनं मोडलंय असं जाहीर करून घ्यावं. म्हणजे कोर्टाची पायरी चुकवायला म्हणून बाँड केला तरी तो टिकवायला शेवटी कोर्टातच यावं लागतं.

आणि बाँड न टिकल्याची किंमत जास्त करून बाईच भरते, मला तळमळ आहे ती याची. एक गोष्ट तर मला स्वतःलाच कितीतरी वर्षं माहीत नव्हती. पोटगीचं जे कलम होतं, जुन्या कायद्यात १२५, आता १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४, त्यात लिहिलंय की नवरा-बायको आपसातल्या संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. आता बघा, बाँडवर पहिलीच ओळ काय असते, आम्ही दोघं राजीखुशीनं वेगळं होत आहोत. म्हणजे त्या कागदानं लग्न तर मोडत नाही, पण तोच कागद पुढं नवऱ्याचा वकील दाखवून म्हणू शकतो की बाई संमतीनं वेगळी राहते, पोटगी कसली. तेच जर कोर्टातून संमतीनं घटस्फोट घेतला असता तर? सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये सांगितलंय की संमतीनं घटस्फोट घेतला म्हणून या कारणानं पोटगी नाकारता येत नाही, दुसरं लग्न केलेलं नसेल आणि स्वतःचं भागवता येत नसेल तर घटस्फोटितेलाही ती मागता येते. एकच शब्द, संमती, बाँडवर बाईच्या विरुद्ध जातो आणि डिक्रीत जात नाही.

दुसरी अडचण अशीच. नवरा सोडून गेला, दोन वर्षं झाली, या कारणावर एकतर्फी घटस्फोट मागता येतो. पण सोडून जाणं म्हणजे समोरच्याच्या मर्जीविरुद्ध जाणं, आणि तुम्ही तर राजीखुशीनं सही करून बसलाय, मग ते कारणही लंगडं होतं.

दुसऱ्या लग्नाचं तर विचारूच नका. पहिलं लग्न कायद्यानं उभं असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, आणि शिवाय गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मुलं मात्र औरसच धरतात, आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो, हे कलम १६ मुळं, पण दुसऱ्या बायकोचं काय? नवरा सरकारी नोकरीत किंवा मिलिटरीत असेल, आणि आमच्याकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळं घरटी कोणीतरी मिलिटरीत असतंच, तर तो गेल्यावर फॅमिली पेन्शनला पहिली येऊन उभी राहते आणि दुसरीच्या हातात बाँडची झेरॉक्स. दोघी रडतात आणि दोघींचाही काही दोष नसतो.

सीमाभागातला एक प्रश्न हमखास येतो, महाराष्ट्राचा बाँड घेतला तर चालतो का, का कर्नाटकाचाच पाहिजे. दोन्ही नाही चालत. कायदा केंद्राचा आहे, हद्दीच्या अलीकडे पलीकडे तोच, आणि बेळगावच्या कोर्टाची डिक्री चंदगडात, कोल्हापुरात तितकीच चालते. केस कुठं घालायची याचे पर्याय कलम १९ मध्ये आहेत: लग्न जिथं झालं तिथं, दोघं शेवटी एकत्र जिथं राहिले तिथं, समोरचा जिथं राहतो तिथं, आणि बायको अर्जदार असेल तर ती आता जिथं राहते तिथं, हे शेवटचं २००३ पासून. म्हणजे चंदगडला दिलेली खानापूरची मुलगी माहेरी आली असेल तर आपल्याच जिल्ह्यात केस घालू शकते. हे सुरुवातीलाच नीट बघा, कारण एकदा केस एका राज्यात पडली की ती दुसऱ्या राज्यात हलवायला थेट दिल्लीला सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागतो, मग तो चंदगड-बेळगाव तासाभराचा रस्ता का असेना.

कोर्टातलं कसं होतं तेही सांगते कारण लोक घाबरतात ते न माहीत असल्यामुळं. दोघं राजी असतील तर कलम १३ ब, हे १९७६ मध्ये आलं. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं पाहिजे. दोघांचा मिळून एकच अर्ज, त्याला लग्नपत्रिका, फोटो, आधार, आणि पैसे-दागिने-मुलांचा ताबा याबद्दल काय ठरलं ते. मग सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन आमचं अजून तेच म्हणणं आहे असं सांगायचं. ते सहा महिने म्हणजे लोकांना शिक्षा वाटते, पण २०१७ पासून, दोघं आधीच दीड वर्ष वेगळे असतील आणि पोटगी-मुलांचं सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट ती अट माफ करू शकतं. डिक्री होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागं घेऊ शकतो, म्हणून पहिल्याच तारखेला सगळे पैसे देऊन टाकू नका आणि सगळे दागिनेपण सोडू नका, टप्पे करा. एक जण राजी नसेल तर मग कलम १३, क्रूरता, व्यभिचार, सोडून जाणं वगैरे कारणं सिद्ध करत बसावी लागतात आणि त्याला वर्षं जातात, खोटं कशाला सांगू.

मधलं एक असतं, न्यायिक विभक्तता. त्यात कोर्टच वेगळं राहायला परवानगी देतं पण लग्न कायम राहतं, दुसरं करता येत नाही. तो कागद कोर्टाचा असल्यामुळं काही जण त्यालाच घटस्फोट समजतात, तेवढं लक्षात असू द्या.

कागद कानडीत असला तर सही करायच्या आधी वकिलांना तो शब्दन्‌शब्द मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि मराठीत वाचून समजावलं अशी ओळ सहीच्या वर लिहून घ्या. लाजायचं नाही, तो तुमचा हक्क आहे. पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला कमाई कितीही असली तरी सरकारी खर्चानं वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. कोर्टाच्या आवारातल्या लीगल एडच्या ऑफिसात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

त्या मुलीचं काय झालं विचाराल. बाँड फेकून द्यायचा नाही असं वकिलांनी सांगितलं, कारण कधीपासून वेगळे आहेत याचा तो पुरावा होता. तिच्या नवऱ्यालाही दुसरं लग्न करायचं होतं म्हणून तो लगेच तयार झाला, संयुक्त अर्ज मीच टाइप केला, चार वर्षं वेगळे असल्यामुळं सहा महिने माफ झाले. साखरपुडा पुढं ढकलला. डिक्री झाल्यावरही वकिलांनी लग्नाची तारीख तीन महिन्यांनंतरची धरायला सांगितली, अपिलाची मुदत संपायच्या आधी लग्न करता येत नाही म्हणून. नक्कल घ्यायला ती एकटीच आली होती. तीन सर्टिफाइड कॉप्या घेतल्या, एक वाचून दाखवा म्हणाली, शेवटचा परिच्छेद मी मराठीत सांगितला, तर म्हणाली परत एकदा सांगा. मी परत सांगितला.