अम्हारा : संक्रमणकालीन सरकारच्या काळातील स्थिती व प्रतिनिधित्व (इथिओपिया, १९९१–१९९५)

इथिओपियातील दर्ग ही लष्करी राजवट मे १९९१ मध्ये कोसळली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये संघराज्याची राज्यघटना अमलात आली. मधल्या चार वर्षांत देशाचा कारभार संक्रमणकालीन सरकारकडे होता. १९९४ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६० लाख, म्हणजे देशाच्या जवळजवळ ३० टक्के असलेल्या अम्हारा लोकांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या काळात अखेरपर्यंत वादाचा राहिला.

गोज्जाम, गोंदर, वोल्लो आणि उत्तर शेवा हा अम्हारांचा मूळ डोंगराळ मुलूख. त्यांची अम्हारिक भाषा दीर्घकाळ राजदरबाराची आणि प्रशासनाची भाषा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट मेनेलिक दुसरा याने दक्षिणेकडील प्रदेश जिंकला आणि तेथे आपले बंदूकधारी शिपाई वसवले. त्यांना ‘नेफ्तेन्या’ म्हणत. स्थानिक शेतकऱ्यांकडून धान्य आणि श्रम वसूल करण्याचा हक्क त्यांना मिळाला. मार्च १९७५ मध्ये दर्गने ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ही व्यवस्था संपली, शब्द मात्र उरला, आणि १९९१ नंतर तो दक्षिणेत राहणाऱ्या कोणत्याही अम्हारा कुटुंबाला उद्देशून शिवीसारखा वापरला जाऊ लागला. गोज्जामचा सामान्य शेतकरी या सत्तेचा लाभार्थी होता असे म्हणणे अवघड आहे. १९६८ मध्ये सम्राट हैले सेलासी याच्या शेतीकराविरुद्ध त्याच शेतकऱ्यांनी बंड केले होते.

जुलै १९९१ मध्ये अदिस अबाबा येथे भरलेल्या परिषदेने संक्रमणकाळाची सनद स्वीकारली. राष्ट्रे, राष्ट्रिके आणि जनसमूह, म्हणजे देशातील वांशिक गट, यांना स्वयंनिर्णयाचा, अगदी स्वातंत्र्यापर्यंतचा, अधिकार या सनदेने दिला, आणि त्यामुळे वांशिक ओळख हेच प्रतिनिधित्वाचे मुख्य माप ठरले. ८७ जागांच्या प्रतिनिधी परिषदेत ३२ जागा उत्तरेकडील तिग्रे प्रांतातील तिग्रे मुक्ती आघाडीच्या नेतृत्वाखालील सत्ताधारी आघाडीकडे, तर १२ ओरोमो या मोठ्या वांशिक गटाच्या ओरोमो मुक्ती आघाडीकडे गेल्या. अम्हारांच्या नावाने उभी असलेली संघटना परिषदेत नव्हती. सत्ताधारी आघाडीतील इथिओपियन जन लोकशाही चळवळ हीच त्यांची प्रतिनिधी मानली गेली. ही संघटना १९८० च्या सुमारास डाव्या विचारांच्या एका पक्षातून फुटून निघालेली, स्वतःला बहुवांशिक म्हणवणारी होती. तिचे नेते तामरात लायने पंतप्रधान झाले. जानेवारी १९९४ मध्ये तिने ‘अम्हारा राष्ट्रीय लोकशाही चळवळ’ हे नाव घेतले, म्हणजे संक्रमणकाळाचा बराचसा भाग उलटल्यावर.

अम्हारांमधील सुशिक्षितांचाही या मापाला आक्षेप होता. भूगोलाचे प्राध्यापक मेस्फिन वोल्देमरियम यांनी संक्रमणकालीन अध्यक्ष मेलेस झेनावी यांच्यासमोर दूरचित्रवाणीवर असे प्रतिपादन केले, की अम्हारा नावाचा स्वतंत्र वांशिक गट मुळात नाहीच. अनेक अम्हारा स्वतःची ओळख गावाने, प्रांताने किंवा ‘इथिओपियन’ अशी सांगत, हे खरे होते. परंतु जेथे जागा आणि प्रदेश वंशाच्या नावाने वाटले जात होते, तेथे ही भूमिका अम्हारांच्या पदरी काहीच टाकणारी नव्हती. अदिस अबाबा विद्यापीठाच्या वतीने जुलै १९९१ च्या परिषदेला गेलेले शल्यचिकित्सक अस्रात वोल्देयेस यांनी, त्या वेळी इथिओपियाचाच भाग असलेल्या एरिट्रियाच्या विभक्ततेला तेथे विरोध केला होता. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी अखिल अम्हारा जन संघटना स्थापन केली आणि अखंड इथिओपियाचा आग्रह अम्हारा नावाखाली मांडला.

यामागे हिंसेचे कारण होते. १९९१–९२ मध्ये पूर्वेकडील हरारगे प्रांतातील बेदेनो येथे आणि अर्सीतील अर्बा गुगू येथे अम्हारा वस्त्यांवर हल्ले होऊन मोठ्या संख्येने लोक मारले गेले. बेदेनो येथे माणसांना खोल दरीत लोटले गेले. जबाबदारी कोणाची, यावर ओरोमो मुक्ती आघाडी आणि सत्ताधारी आघाडीतील ओरोमो पक्ष एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे हे लोक नव्या मांडणीत परक्या प्रदेशातील अल्पसंख्य ठरले होते, आणि बाहीर दार येथून चालणाऱ्या अम्हारा प्रदेशाच्या सरकारचा अधिकार त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

१९९२ मध्ये देशाचे १४ स्वशासित भाग पाडण्यात आले व अम्हारांसाठी तिसरा प्रदेश ठरला. जुन्या गोंदर प्रांतातील वोल्कैत, त्सेगेदे व हुमेरा आणि वोल्लोतील राया हे भाग तिग्रेकडे, तर गोज्जाममधील मेतेकेल बेनिशांगुल-गुमुझकडे गेले. सार्वमत झाले नाही. एरिट्रियाला मात्र एप्रिल १९९३ मध्ये ते मिळाले. वोल्कैतचा तंटा पुढे तीव्र होत गेला, आणि नोव्हेंबर २०२० च्या तिग्रे युद्धात अम्हारा दलांनी तो भाग ताब्यात घेतला.

अस्रात यांच्या संघटनेने जून १९९२ च्या प्रादेशिक निवडणुकांतून अंग काढून घेतले आणि १९९४ च्या घटनासमितीच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. त्यामुळे डिसेंबर १९९४ मध्ये राज्यघटना मंजूर झाली तेव्हा सभागृहात अम्हारांचा आवाज म्हणून उरली ती सत्ताधारी आघाडीतलीच संघटना. बहिष्काराने विरोध नोंदवला गेला, पण कलम ३९ मधील फुटून निघण्याच्या हक्कावर सभागृहात उलटतपासणी करण्याची संधी या संघटनेने गमावली.

अस्रात यांना १९९३ मध्ये चाळीसेक सहकाऱ्यांसह विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. जून १९९४ मध्ये सशस्त्र हिंसेच्या कटाच्या आरोपावरून त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, पुढे तीत आणखी भर पडली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना विवेकबंदी, म्हणजे केवळ मतांमुळे तुरुंगात डांबलेली व्यक्ती, मानले. प्रकृती खालावल्यावर डिसेंबर १९९८ मध्ये त्यांची सुटका झाली आणि मे १९९९ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. त्यांच्या संघटनेने नंतर नावातील ‘अम्हारा’ हा शब्द काढून ‘अखिल इथिओपियन एकता’ हे नाव धारण केले.