किनगाइट छापचित्रे

किनगाइट छापचित्रे : कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील किनगाइट या गावी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इन्युइट (आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी) चित्रकार, दगड कोरणारे कारागीर आणि छपाई करणारे मिळून तयार करीत आलेली, ठरावीक प्रतींची चित्रे. बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत डॉर्सेट नावाच्या छोट्या बेटावर हे गाव वसले आहे. २०२० पर्यंत त्याचे अधिकृत नाव केप डॉर्सेट असल्याने संग्रहालयांच्या जुन्या सूचींत तेच आढळते. गावाची वस्ती दीड हजाराच्या आत असून तेथे पोचणारा रस्ता नाही. विमानाने किंवा उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजानेच जाता येते. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कॅनडाच्या चित्रकलेचा इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही.

या उद्योगाची सुरुवात चित्रकार व सरकारी अधिकारी जेम्स ह्यूस्टन यांच्या पुढाकाराने झाली. त्यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, ओसुइटोक इपीली हे कोरीवकाम करणारे कलाकार सिगारेटच्या पाकिटांवरील खलाशाचे डोके न्याहाळत होते आणि प्रत्येक पाकिटावर तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्याला किती कंटाळा येत असेल, असे म्हणाले. उत्तरादाखल ह्यूस्टन यांनी ओसुइटोक यांनीच कोरलेल्या वॉलरसच्या सुळ्यावर शाई फासली, वर पातळ कागद ठेवून तो चोळला आणि उमटलेले चित्र त्यांना दाखवले. हकीकत जरा जास्तच नेटकी वाटते. पण त्यानंतर छपाईचे प्रयोग सुरू झाले हे खरे. १९५८ च्या अखेरीस ह्यूस्टन जपानला गेले आणि उनिची हिरात्सुका यांच्याकडे त्यांनी लाकडी ठशांच्या छपाईचे शिक्षण घेतले. रेखाटन, कोरणे व छापणे ही तिन्ही कामे चित्रकाराने स्वतःच करावीत, असे मानणाऱ्या आधुनिक जपानी चळवळीचे हिरात्सुका हे अग्रणी होते. किनगाइटने मात्र त्यांच्याकडून तंत्र घेतले आणि कामाची वाटणी त्यापूर्वीच्या, एक जण रेखाटणार, दुसरा कोरणार, तिसरा छापणार या जपानी रिवाजाची ठेवली. १९५९ मध्ये पहिला सूचीबद्ध संच प्रसिद्ध झाला. ‘वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह’ या सहकारी संस्थेची स्थापनाही त्याच वर्षीची. ह्यूस्टन गाव सोडून गेल्यावर टेरी रायन यांनी अनेक दशके तिचा कारभार पाहिला.

चित्रकार बहुधा घरी बसून पेन्सिलीने किंवा फेल्ट पेनने रेखाटन करतो आणि संस्था ते तिथल्या तिथे रोख पैसे देऊन विकत घेते. अशा असंख्य रेखाटनांतून काही थोडीच छपाईसाठी निवडली जातात. शिळा घासून सपाट करतात, तिला पांढरा रंग देतात, त्यावर रेखाटन उतरवून ते काळ्या शाईने भरतात आणि जेथे शाई नाही तेवढाच दगड छिन्नीने खोल उतरवतात. मग उंच राहिलेल्या भागावर रोलरने रंग चढवला जातो; एकाच शिळेवर शेजारी-शेजारी दोन-तीन रंग लावताना ते एकमेकांत मिसळू न देणे, ही छापणाऱ्याची कसोटी असते. त्यावर हातकागद अंथरून तो पाठीमागून हाताने चोळतात. एक प्रत निघाली की पुन्हा रंग लावायचा, पुन्हा कागद अंथरायचा. साधारणपणे ५० प्रती झाल्यावर शिळेवरील चित्र घासून नष्ट केले जाते. समासात इन्युइट अक्षरांत चित्रकाराच्या नावाबरोबर कोरणाऱ्याची व छापणाऱ्याची खूण असते आणि संस्थेचा इग्लूच्या आकाराचा लाल शिक्काही असतो. सीलच्या कातड्याच्या स्टेन्सिलने छपाई हे आरंभीच्या वर्षांतले तंत्र. तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेली छपाई व शिलामुद्रण (न कोरलेल्या सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र काढून ते छापणे) यांची भर पुढे पडली.

या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम नाव केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) यांचे आहे. बॅफिन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका शिकारी तळावर त्यांचा जन्म झाला. क्षयामुळे १९५२ ते १९५५ ही वर्षे त्यांना घरापासून दूर, क्वेबेक शहरातील रुग्णालयात काढावी लागली. परतल्यावर त्या सीलच्या कातड्याच्या वस्तूंवर नक्षी करू लागल्या आणि समुद्रशैवाल खाणाऱ्या सशाच्या अशाच एका नक्षीवरून १९५९ मध्ये त्यांचे पहिले छापचित्र निघाले. १९६० च्या ‘मंत्रभारित घुबड’ या चित्राने त्यांचे नाव देशभर झाले. त्यात पक्ष्याची पिसे व शेपूट देहाच्या कितीतरी पट लांब, ज्वाळांसारखी चहूकडे पसरलेली आहेत आणि डोळे थेट पाहणाऱ्यावर रोखलेले आहेत. याच्या ५० प्रतींपैकी निम्म्या लाल-काळ्या, तर निम्म्या हिरव्या-काळ्या आहेत. १९७० मध्ये हे चित्र टपाल तिकिटावर आले. १९६७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्या होत्या. पती जॉनीबो हेही चित्रकार होते. त्यांच्यासह केनोजुआक यांनी ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठी भित्तिशिल्प केले.

पिट्सिओलाक अशूना (निधन १९८३) यांची वाट वेगळी होती. तरुणपणीच पती वारले, पदरात मुले. चित्रे विकत घेतली जातात हे कळल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी कागद हाती घेतला आणि वीसेक वर्षांत हजारो रेखाटने केली. तंबू, कुत्र्यांच्या गाड्या, स्थलांतर आणि पोरांचे खेळ असे स्थिर वस्ती होण्यापूर्वीचे जगणे त्यांत आहे. त्यांची कन्या नपाची व नात ॲनी पुटूगुक (१९६९–२०१६) या दोघीही चित्रकार झाल्या.

कोणते रेखाटन छापायचे, हा निर्णय चित्रकाराच्या हाती नव्हता. १९६१ ते १९८९ या काळात दक्षिण कॅनडातील तज्ज्ञांची समिती प्रत्येक वर्षीचा संच तपासून मंजूर किंवा नामंजूर करीत असे. ग्राहकही शहरांतले होते. त्यांना पक्षी, प्राणी व आत्म्यांची चित्रे हवी असत आणि त्यामुळे इन्युइट कला म्हणजे काळाबाहेरचे एक स्वप्नविश्व असा समज रुजला, जो या कलाकारांच्या प्रत्यक्ष जगण्याला धरून नव्हता. पुडलो पुडलाट (१९१६–१९९२) यांनी विमाने व हेलिकॉप्टर कस्तुरी-बैलांच्या शेजारी आणून बसवली. १९९० मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांच्या तीस वर्षांच्या रेखाटनांचे प्रदर्शन भरवले. एका इन्युइट कलाकाराचे असे सिंहावलोकनी प्रदर्शन तेथे प्रथमच होत होते. ॲनी यांनी तर दूरचित्रवाणीसमोर बसलेले कुटुंब, दुकानातील डबाबंद खाद्यपदार्थ, दारू आणि घरातली मारहाण रंगीत पेन्सिलींनी कागदावर आणली. २००६ मध्ये त्यांना कॅनडातील सोबी कलापुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी जर्मनीतील डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. या यशाने त्यांच्या आयुष्याची घडी मात्र बसली नाही. ओटावात अत्यंत हलाखीत राहत असताना २०१६ मध्ये तेथील रिडो नदीत त्यांचा मृतदेह आढळला.

१९९० पूर्वीच्या तीन दशकांतील सुमारे ९०,००० रेखाटने आता ओंटारिओमधील क्लाइनबर्गच्या मॅकमायकेल कलासंग्रहालयात जपलेली आहेत. त्यांपैकी बहुतेक कधीच शिळेवर उतरली नाहीत. समितीने व बाजाराने काय बाजूला ठेवले, हे अभ्यासकांना आज तेथेच पाहता येते. गावात २०१८ मध्ये केनोजुआक यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र आणि छपाईची नवी कार्यशाळा सुरू झाली असून वार्षिक संचाची प्रथा चालू आहे. आरंभीच्या छपाईकारांपैकी कनांगिनाक पुटूगुक (१९३५–२०१०) यांची चित्रे २०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात दाखवली गेली. २०२२ मध्ये तेथेच ॲनी यांच्या मामेबहीण शुविनाई अशूना यांचा परीक्षकांनी विशेष उल्लेख केला. त्यांची ख्याती छापचित्रांपेक्षा मोठाल्या कागदांवरील रेखाटनांवरच अधिक आहे.