गोवा पासिंगची गाडी आणि मुंबईकराचा विमा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"गोवा पासिंगची गाडी घेतली तर इन्शुरन्स बराच स्वस्त पडतो ना हो?" दादरच्या आमच्या छोट्या ऑफिसात हा प्रश्न वरचेवर येतो. कुणी म्हापशाकडे फ्लॅट घेतलेला असतो, कुणाला मेव्हण्याची जीए नंबरची गाडी स्वस्तात मिळत असते. उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावं, म्हणून हे पत्रक.

स्वस्त पडतो, पण थोडासाच. गाडीच्या विम्याचा कायदा गोव्याला वेगळा आणि महाराष्ट्राला वेगळा असा नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 146, संपूर्ण देशाला एकच. थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याशिवाय, गाडी रस्त्यावर आणायची नाही. पकडलं गेलं तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर दंड 4,000. थर्ड पार्टीचा दरही कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेला वार्षिक दर असा: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसी 3,416 आणि त्यापुढे 7,897. त्यावर जीएसटी वेगळा. पणजीत राहा नाहीतर परळला, आकडा तोच. त्यामुळे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्तात मिळेल" असं कुणी फोनवर सांगत असेल, तर फोन ठेवून द्या.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला पॉलिसीवर 'ओन डॅमेज' म्हणतात. तिथे देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद हा झोन ए; गोव्यासकट बाकी सगळा देश झोन बी. तुम्ही कुठे राहता ते इथे बघत नाहीत, गाडी कुठल्या आरटीओत नोंदली आहे ते बघतात. जुन्या दरपत्रकात पाच वर्षांच्या आतल्या 1200 सीसीच्या गाडीला झोन एमध्ये गाडीच्या किमतीवर शेकडा 3.283 आणि झोन बीमध्ये 3.191 असा दर होता. सहा लाखांच्या गाडीवर फरक झाला 552 रुपयांचा. 2007 पासून कंपन्यांना या भागात सूट द्यायची मोकळीक आहे, त्यामुळे हाती लागणारा फरक याहूनही कमी असतो. एवढ्यासाठी नंबरप्लेटच्या मागे धावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. पॉलिसीचा पहिला कागद काढा आणि 'आयडीव्ही' असं लिहिलेला चौकोन शोधा. गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली, तर तुमच्या हातात येणारी रक्कम साधारण हीच. नव्या गाडीच्या किमतीतून सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत 15 टक्के घसारा, दुसऱ्या वर्षी 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. रिन्युअलच्या वेळी कुणी हप्ता एकदम खाली आणून दाखवला, की आम्ही आधी या चौकोनाकडे बघतो. बहुतेकदा तिथेच कात्री लावलेली असते.

दुसरा चौकोन एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. ती फक्त ओन डॅमेजवर मिळते. आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. सोसायटीच्या खांबाला मागचा बंपर घासला, गॅरेजवाला म्हणतो 8,000 रुपये, "क्लेम टाकू या साहेब." साधी पॉलिसी असेल तर प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा, राहिले 4,000. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आपल्या खिशातले असतात, ते वजा केले की कंपनीकडून 3,000. आणि पुढच्या वर्षी एनसीबी शून्य. तुमचा ओन डॅमेजचा हप्ता सूट धरण्याआधी 6,000 असेल आणि सूट 50 टक्क्यांवर पोचली असेल, तर तिथेच 3,000 गेले. पुन्हा 50 वर चढायला पाच वर्षं. असा क्लेम टाकू नका. गॅरेजवाल्याला राग आला तर येऊ द्या.

एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. गाडी तीच ठेवून पॉलिसी रिन्यू न करता 90 दिवस उलटू दिले, की मात्र सूट बुडाली.

पावसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, नावं सगळ्यांना पाठ आहेत. पुरात गाडी बुडणं साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या, पॉलिसीतही येतं. निव्वळ थर्ड पार्टीत येत नाही. भांडण होतं ते इंजिनवरून. पाणी ओसरतं, सीटखालचं पायपुसणं अजून चिंब असतं आणि आपण "एकदा बघू तरी" म्हणून चावी फिरवतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर लिहितो की हे नुकसान पुराचं नाही, चावी फिरवल्याचं आहे. गाडी पाण्यात उभी असेल तर चावीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. मुंबईत गाडी वापरत असाल तर इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे इंजिनाच्या अशा नुकसानीचं जादा कव्हर, घ्याच. गोवा पासिंगमुळे वाचलेले पैसे तिथे घाला. नवी गाडी असेल तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हरही पहिली काही वर्षं परवडतं. चावी हरवल्याचं वगैरे कव्हर आम्ही स्वतःहून सुचवत नाही.

गोव्यात घर असणाऱ्यांसाठी खास. खासगी गाडी तिथे ठेवायची आणि आपण नसताना पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायची, हा प्रकार विम्याच्या दृष्टीने फार महाग पडू शकतो. खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही, अपघात झाला तर क्लेम अडतो. गोव्यात भाड्याच्या गाड्यांना काळी पाटी, पिवळी अक्षरं आणि वेगळा परवाना असतो तो उगाच नाही.

गोवा पासिंगची गाडी इथे आणून वापरत असाल, तर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; तिथल्या आरटीओची एनओसी आणून इथे नोंदणी करावी लागते. एमएचचा नवा नंबर मिळाला, की तो पॉलिसीवर चढवून घ्या आणि झोनचा फरक भरा. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, ओन डॅमेज येत नाही. मेव्हण्याच्या नावावरच्या पॉलिसीत तुमचा बंपर बसत नाही, नातं कितीही घट्ट असो.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढवा.

शेवटी तारखांचं. दरवर्षी चतुर्थीला गावी निघताना निम्म्या रस्त्यातून कुणाचा तरी फोन येतो, "पॉलिसी काल संपली." थर्ड पार्टी तिथल्या तिथे काढता येतं, पण पूर्ण पॉलिसीला मग गाडीची तपासणी लागते, आणि खंडाच्या दिवसांत काही झालं तर कुणीच देत नाही. निघण्याआधी आठवडाभर तरी तारीख बघा. आमच्याकडे येताना जुनी पॉलिसी आणि आरसी आणा, फोनमधला फोटोही चालेल. रविवारी ऑफिस बंद असतं.